दूध काढणारं बाळ आणि पावडरचा डबा

महिन्याभराचं बाळ दर वेळी पाजल्यानंतर घोट-दोन घोट दूध बाहेर काढतं आणि घरातला पहिला संशय डब्यावर जातो. आजी म्हणते, हे दूध त्याला मानवत नाही. शेजारची काकू आपल्या नातवाला मानवलेला डबा सुचवते. दुबईहून सुट्टीवर आलेला मामा तिथला डबा बॅगेतून काढून ठेवतो. पंधरा दिवसांत स्वयंपाकघराच्या फळीवर तीन उघडे डबे जमतात, आणि बाळाचं दूध काढणं तसंच चालू असतं.

म्हणून मुद्दा सुरुवातीलाच सांगते. दूध काढणाऱ्या बहुतेक बाळांच्या बाबतीत दोष डब्यात नसतो. किती पाजलं, पावडर कशी कालवली, पाजताना आणि पाजल्यावर बाळाला कसं धरलं, हे आधी पाहायचं. डबा बदलायची वेळ आलीच तर ती वजनाच्या नोंदी आणि बाळाची एकूण तब्येत बघून, डॉक्टरांशी बोलून ठरवायची. दुपट्यावर किती डाग पडले त्यावरून नाही.

ज्यांचं बाळ अंगावर पितं त्यांच्यासाठीही दोन शब्द. अंगावरच्या दुधावरची बाळंही दूध काढतात. तेवढ्यासाठी आईचं दूध तोडून डबा आणू नका. आईचं दूध जठरातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे डब्यावर आल्यावर त्रास वाढूही शकतो. पण काही बाळांना या ना त्या कारणाने वरचं दूध, थोडं किंवा पूर्ण, द्यावंच लागतं. पुढचं सगळं त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि त्या आईला कुणी बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं.

बाळ दूध का काढतं

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते सैल होतं, एरवी आवळलेलं राहतं. नवजात बाळाचं हे कडं अजून पुरतं तयार झालेलं नसतं, मध्येच सैल पडतं. त्यात बाळाचं खाणं सगळं पातळ, अन्ननलिका आखूड आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून. तोंड सैल बांधलेली दुधाची पिशवी आडवी ठेवावी, तसा हा प्रकार.

तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी जवळपास निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त असतं. मग बाळ बसू लागतं, मऊ भात-पेज खाऊ लागतं, तसं ते कमी होत जातं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. हा चढउतार नीट लक्षात ठेवा, कारण डब्यांबद्दलच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ त्यात आहे. दुसऱ्या महिन्यात बदललेला डबा ‘बाधतो’, कारण तेव्हा दूध काढणं तसंही वाढणारच असतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात जो डबा हातात असेल त्याला ‘गुण आला’ म्हणतात, कारण तेव्हा ते तसंही कमी होणार असतं.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिली पाणी, एखाद्या कोरड्या सुती दुपट्यावर ओतून बघा. डाग तळहाताहून मोठा पसरतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं दूध बाहेर आलं. प्रत्यक्षात ६० मिलीतले १० गेलेले असतात. बाहेर आलेलं दूध फाटल्यासारखं, आंबूस वासाचं असतं, तेही स्वाभाविक आहे. जठरातल्या आम्लाने दूध फाटतंच. त्यावरून डबा खराब निघाला असं समजू नका.

दूध काढूनही बाळ हसतंय, पुन्हा भुकेने तोंड उघडतंय, दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू करतंय आणि वजन वाढतंय, तर ते निरोगी आहे. त्याला औषधही लागत नाही आणि नवा डबाही लागत नाही.

कधी थांबायचं नाही

बाळाची उलटी हिरवी असेल तर घरी एक तासही वाट बघू नका. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि नवजात बाळात तो आतड्याला पीळ पडल्याचं किंवा वाट अडल्याचं लक्षण असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या इस्पितळात, गोव्यात असाल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), घेऊन जा. इथे एक घोळ हमखास होतो. डब्याच्या दुधात लोह असतं, त्यामुळे अशा बाळाची शी बऱ्याचदा हिरवट होते. हिरवट शीने घाबरायचं नाही. हिरव्या उलटीला मात्र घाबरायचंच.

दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला दर वेळी पाजल्यावर जोरदार, फूट-दोन फूट लांब उडणारी उलटी होऊ लागली आणि उलटीनंतर लगेच ते पुन्हा वखवखून प्यायला बघतंय, तर तेही दाखवायला हवं. जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेचा स्नायू जाड होऊन ती अरुंद झालेली असू शकते. लहान शस्त्रक्रियेने हे पूर्ण बरं होतं, पण उशीर झाला तर बाळातलं पाणी आणि क्षार झपाट्याने उतरतात. याशिवाय उलटीत किंवा शीत रक्त, ताप, फुगलेलं कडक पोट, सुस्ती, फुगलेली टाळू, पिताना गुदमरणं, पाजायला घेतलं की पाठ ताणून रडणं, पिणंच नाकारणं, कमी झालेली शू, न वाढणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर तो प्रश्न फार्मसीच्या काउंटरवर सुटणारा नाही.

आधी बाटली तपासा

वजनापासून सुरू करू. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत ते जन्माच्या आकड्यावर परत येतं आणि मग पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीला आरोग्य केंद्रात जाल तेव्हा वजन करून कार्डावर लिहून घ्या. दूध काढणाऱ्या बाळाचं मधल्या काळातही एकदा-दोनदा करा. काटा शक्यतो तोच असावा आणि बाळाच्या अंगावर कपडे नसावेत.

आता पाजण्याचा हिशोब. पहिला आठवडा सरल्यावर बाळाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १५० मिली दूध लागतं. समजा बाळ ३.६ किलोचं आहे. ३.६ गुणिले १५० म्हणजे ५४० मिली, चोवीस तासांत. आठ वेळा पाजत असाल तर एका वेळी ६५ ते ७० मिली. घरात मात्र १२० मिलीची बाटली गळ्यापर्यंत भरली जाते आणि ‘एवढंसं उरलंय, संपव बाळा’ म्हणत ती रिकामी केली जाते. ज्या जठरात सत्तर मावतात तिथे एकशेवीस घातले तर उरलेले पन्नास कुठे जाणार? दूध काढणाऱ्या किती तरी बाळांचा उपाय इथेच आहे. एका वेळचं प्रमाण कमी करा, वेळा वाढवा: याच बाळाला दहा वेळा ५० ते ५५ मिली. चोवीस तासांचा एकूण आकडा तेवढाच ठेवा. बाळाने तोंड फिरवलं की थांबा. आकडा अंदाजासाठी आहे, बाळाचं पोट भरलं हे बाळ सांगतं.

कालवण्यात होणाऱ्या चुका त्याहून गंभीर असतात. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट माप असं प्रमाण असतं. सपाट म्हणजे माप भरून वरून सुरीच्या पाठीने कापलेलं. दाबून बसवलेलं नाही, शिगोशीग तर नाहीच. ‘दूध जरा घट्ट केलं की टिकेल’ म्हणून एखादं माप जास्त घालणारे लोक असतात. त्याने दूध टिकत नाही. बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर क्षारांचा भार पडतो, शी घट्ट होते आणि उलट्या वाढतात. डबा पुरवायला पातळ कालवलं तर बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आधी पाणी मोजायचं, मग पावडर घालायची. पाणी विहिरीचं असो की नळाचं, खळखळून उकळलेलंच हवं.

पाण्याच्या तापमानाबद्दल थोडं सविस्तर, कारण याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. त्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो जिवावर बेततो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान ७० अंश सेल्सिअस पाण्यात कालवायला सांगते. म्हणजे उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, आणि मग बाटली किंवा भांडं गार पाण्यात धरून दूध बाळाच्या जोगं कोमट करायचं. कालवलेलं दूध दोन तासांत संपवा, बाळाचं उष्टं ठेवूच नका. आपल्या पावसाळ्यात फळीवरच्या मिठालासुद्धा पाणी सुटतं. पावडरचंही तेच होतं. डब्याचं झाकण घट्ट लावा, ओलं माप आत ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका आणि उघडलेला डबा महिन्याभरात संपवा. गठ्ठे झालेल्या पावडरीचं माप चुकतंच.

धरण्याबद्दल. पाजताना बाळ अर्धवट उभं, डोकं पोटापेक्षा उंच. बाटलीचं निपल दुधाने भरलेलं राहील अशी बाटली तिरपी, म्हणजे हवा आत जात नाही. मध्येच एकदा आणि शेवटी एकदा ढेकर काढा. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता आलं तर फारच चांगलं: स्वच्छ ठेवायला सोपं आणि घाईही होत नाही. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. कारच्या सीटमध्ये बाळ कंबरेत दुमडतं, पोट दाबलं जातं, तेव्हा पाजल्या पाजल्या त्यात बसवू नका. आणि न्हाऊ घालणारी बाई सकाळी येते, तेव्हा तेल-मालीश पाजण्याआधी होऊ द्या. भरल्या पोटावर चोळलं की बाळ दूध काढणारच.

झोपवताना मात्र पाठीवर, सपाट. दूध श्वासात जाईल या भीतीने पालथं किंवा कुशीवर झोपवू नका. पालथ्या झोपेत अचानक बालमृत्यूचा धोका वाढतो. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते, त्यामुळे गुदमरण्याची भीती उलट कमी असते. डोक्याखाली उशीही नको.

फळीवरचे डबे

हे सगळं आठवडा-दोन आठवडे नीट करूनही बाळ खूप दूध काढत असेल, त्याने हैराण होत असेल, तेव्हा डब्याचा विचार. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकत्र काढलेल्या सूचनांत आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या सूचनांतही क्रम असाच आहे: आधी प्रमाण, मग मुळातच घट्ट बनवलेलं डब्याचं दूध.

साधा डबा म्हणजे गायीच्या दुधापासून बनवलेला, ० ते ६ महिन्यांचा, ज्यावर १ आकडा असतो तो. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसिन असतं, जे जठरात घट्ट फाटतं. या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतली, म्हणजे व्हे प्रथिनं वाढवून प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ आणलेलं असतं. सर्व साध्या डब्यांना एकाच प्रमाणकांत बसावं लागतं, त्यामुळे एका कंपनीचा साधा डबा काढून दुसऱ्या कंपनीचा साधा डबा आणला तर दूध काढण्यात फरक पडेल अशी आशा धरू नका. फळीवर तीन डबे जमतात ते बहुधा याच जातीचे.

‘ए.आर.’ (अँटी-रिगर्जिटेशन) लिहिलेला डबा दूध काढणाऱ्या बाळांसाठीच असतो. त्यात तांदळाचा किंवा मक्याचा स्टार्च, नाहीतर कॅरब बियांचा डिंक घातलेला असतो. दूध घट्ट झालं की वर यायला जड जातं आणि बाहेर पडणारं प्रमाण कमी होतं. हे खरं आहे, पण आम्ल अन्ननलिकेत चढायचं त्याने फारसं थांबत नाही. फायदा दिसण्यातला आणि कपडे धुण्यातला जास्त. काही बाळांची शी घट्ट होते, डिंक असेल तर काहींना पातळ होते. स्टार्चवाले काही डबे जठरातल्या आम्लाशी भेट झाल्यावरच घट्ट होतात, म्हणून बाळाला आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर त्यांचा उपयोग कमी होतो. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. काही ए.आर. दुधं फार गरम पाण्यात गोळे धरतात आणि त्यांच्यावर कमी तापमानाचं पाणी सांगितलेलं असतं. म्हणजे जंतूंचा धोका थोडा वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर हा डबा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच. आणि घरीच तांदळाची पिठी किंवा नाचणीचं सत्त्व बाटलीत घालून दूध घट्ट करू नका.

‘कम्फर्ट’ वगैरे नावाच्या डब्यांत प्रथिनं अर्धवट तोडलेली असतात. ‘पचायला हलकं’ हे ऐकायला बरं वाटतं, पण दूध काढणं कमी होतं याला फारसा आधार नाही, आणि दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला हे चालत नाही.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न खरा आहे, पण शंभरातल्या दोन-तीन बाळांचा. नुसतं दूध काढण्यावरून ती ओळखता येत नाही. शीत रक्त किंवा शेंबूड, अंगावर इसब, न वाढणारं वजन, आई-वडिलांना दमा किंवा अ‍ॅलर्जी अशी जोड असेल तर डॉक्टर प्रथिनं पूर्ण तोडलेलं दूध दोन ते चार आठवडे देऊन बघतात. हे डबे साध्यापेक्षा कितीतरी महाग असतात आणि चवीला कडवट, त्यामुळे स्वतःच्या मनाने आणून फसू नका. बाळ अंगावरही पीत असेल तर तेवढे आठवडे आईने दूध-दही-चीज बंद करायचं, स्तनपान नाही.

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसलेला डबा आपल्याकडे फार सहज घेतला जातो. आईच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असतं. बाळाचं पोट त्यासाठीच घडलेलं आहे. जन्मतः लॅक्टोज न पचणं ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट. मोठ्या जुलाबानंतर काही दिवस हा डबा डॉक्टर सांगतात, दूध काढण्यावर त्याचा उपयोग नाही. सोयाचा डबाही सहा महिन्यांच्या आत टाळलेलाच बरा. गोठ्यातलं किंवा पिशवीतलं गायी-म्हशीचं दूध, बकरीचं दूध, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको: प्रथिनं आणि क्षार जास्त, लोह अगदी कमी. बकरीचं दूध अ‍ॅलर्जीवरही उपाय नाही, त्यातली प्रथिनं गायीच्या दुधातल्यांसारखीच असतात.

डब्याची मागची बाजू

मी इथे कुठल्याही कंपनीचं नाव घेतलेलं नाही, ते मुद्दाम. बाळाच्या दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या खाण्याची जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू, डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो, काहीही चालत नाही. कुणी नमुन्याचा डबा हातात ठेवला किंवा मोबाइलवर एखादी आई अमुकच डबा घ्या म्हणून सांगत असली, तर या कायद्याची आठवण ठेवा.

डबा हातात घेतला की पुढचं सोडून मागचं वाचा. वय किंवा टप्पा कोणता, घटकांत पहिलं काय, स्टार्च किंवा डिंक आहे का, लॅक्टोज आहे की त्याऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेलं कर्बोदक), किती पाण्याला किती मापं, आणि मुदत कधीपर्यंत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा डबा वेगळा असतो, तो चुकून उचलू नका.

गल्फमधून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या डब्यांबद्दल गोव्यात वेगळं सांगायला हवं, कारण ते आपल्या घराघरांत आहेत. त्या डब्यात जादू नाही, पण त्याचं माप वेगळं असू शकतं. अमेरिकी डब्यांत सहसा ६० मिली पाण्याला एक माप असतं. एका डब्याचं माप दुसऱ्यात वापरलं की दूध एकदम दाट किंवा एकदम पाणी. माप त्याच डब्याचं, सूचना त्याच डब्यावरच्या. शिवाय मामाची सुट्टी संपली आणि डबाही संपला की बाळाला पुन्हा नव्या दुधाशी जुळवून घ्यावं लागतं. जे म्हापशात, मडगावात, डिचोलीत बारा महिने मिळतं तेच सुरू करणं शहाणपणाचं.

डॉक्टरांनी ए.आर. सुचवला तर त्या दिवसापासून एवढाच बदल करा. त्याच आठवड्यात निपल, घुटी आणि ग्राइप वॉटर बदललं तर कशाने काय झालं ते कुणालाच कळणार नाही. (घुटीबरोबर मधाचं बोट तर वर्षाच्या आत मुळीच नको, मधातून बोटुलिझम होऊ शकतो.) दूध घट्ट असल्याने निपलचं भोक थोडं मोठं लागतं, पण सुईने घरी वाढवू नका, पुढच्या नंबरचं निपल आणा. एक ते दोन आठवडे द्या आणि रोज तीन गोष्टी लिहा: किती पाजलं, किती वेळा दूध काढलं, बाळ चिडचिडं होतं की शांत. फरक नसेल तर नेहमीच्या डब्यावर परत या. फरक असेल तरी तो कायमचा करायचा नाही. सहा महिने पूर्ण होऊन वरचं खाणं सुरू झालं की डॉक्टरांना विचारून काही दिवस साधं दूध देऊन बघा. बहुतेक बाळांना तेव्हा ए.आर. लागत नाही. ज्या बाळाच्या उलट्या सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या, किंवा वर्ष उलटून गेलं तरी चालूच आहेत, त्याच्यासाठी मात्र डबे शोधत बसू नका. त्याची नीट तपासणीच करून घ्या.